बेमालूम सांधा

खाडीकाठच्या मुकादमांना गोष्ट एकच येत होती, पण ती ते फार छान सांगायचे. तरुणपणी त्यांनी खाडीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. तेव्हापासून कितीतरी उधाणं आली नि गेली, पण बांध एकदाही फुटला नाही. ही गोष्ट त्यांनी ओळखीच्या माणसांना इतक्या वेळा ऐकवली होती, की मुकादम लांबून येताना दिसले तरी लोक हात वर करून म्हणायचे, “नाही फुटला हो, नाही फुटला!” मुकादमांना यातली थट्टा कळायची नाही असं नाही. पण थट्टेतही बांधाचं नाव निघालं, यातच त्यांचं पोट भरायचं.

आता या बांधाचं थोडं सांगायला हवं. त्याच्याआधी खाडीलगतची सगळी जमीन भरतीला बुडायची आणि ओहोटीला उघडी पडायची. चिखल, खारं गवत, खेकडे, शिंपले आणि त्यांच्यावर टपून बसलेले बगळे. कागदोपत्री तिला पडीक जमीन म्हणत. समुद्र जिच्याकडे रोज न चुकता पाहुणा येतो ती जमीन पडीक कशी, हे विचारायचं त्या काळी कोणाला सुचलं नाही. बांध झाला, खारं पाणी बाहेर राहिलं आणि आत गोडं गवत उगवलं. गवतामागून गवळ्याचा गोठा आला, गोठ्यामागून गोदामं आणि गोदामांमागून रस्ता. सगळ्यांनी मुकादमांची पाठ थोपटली. एका व्यक्तीने मात्र थोपटली नाही, ती म्हणजे त्यांची बायको. तिचं माहेर शिंपलेवाल्यांचं. लग्नाआधी ती त्याच चिखलात टोपली घेऊन उतरायची.

“सासरवाडीला बुडवणारे जावई पुष्कळ ऐकले होते,” ती चहाचा कप पुढ्यात आपटत म्हणायची, “सुकवणारा पहिलाच!”

मुकादम मिशीत हसायचे आणि चहा प्यायचे. एवढी वर्षं संसार करून बायकोचं म्हणणं खरं असतं तेव्हा हसावं, हे ते शिकले होते.

आणि म्हणणं खरंच होतं. समुद्राची जागा कमी केली म्हणून समुद्र कमी होत नाही. बांधाबाहेर उरलेली चिखलाची पट्टी लाटांनी दरवर्षी थोडी थोडी खरवडून नेली. शिंपले गेले, मग बगळेही गेले. उधाणाच्या पाण्याला पसरायला जागा राहिली नाही, तेव्हा ते बाजारगल्लीत शिरू लागलं आणि शिंप्याच्या दुकानातले कापडाचे तागे माळ्यावर जाऊन बसले. बांधाच्या आतल्या जमिनीला नवा गाळ मिळेना, तीही बसत चालली. गवळ्याच्या गाई ज्या कुरणात चरत, ते भरतीच्या पाण्यापेक्षा कधीच खाली गेलं होतं. मधे फक्त मुकादमांचा बांध उभा होता, आणि तो फुटत नव्हता.

मुकादमांना एकच मुलगी. घरात तिला बारकी म्हणत. आता ती दारातून आत येताना मान वाकवते, पण नाव काही बदललं नाही. ही बारकी शिकली, किनारा मोजायच्या खात्यात लागली, आणि काही वर्षं खाडीभर गुडघाभर चिखलात हिंडून तिने खात्यापुढे एक बेत मांडला. बांध एका ठिकाणी उघडायचा. गोठा आणि गोदामं यांच्याभोवती छोटा बांध घालून ती राखायची आणि उरलेली जमीन भरतीला परत द्यायची. पाण्याला आत पसरायला जागा मिळाली की ते गल्लीत कशाला येईल?

खात्यात दुसराही एक बेत होता. जुन्या बांधावरच काँक्रीट चढवून तो उंच करायचा आणि वरून रस्ता काढायचा. खात्याच्या साहेबांचं मन त्या बाजूला झुकलेलं होतं. शेवटी असं ठरलं, की बारकीने बांधात एक अरुंद चर पाडून दाखवावा. भरतीचं पाणी आत जाऊन गोठ्याला न शिवता ओहोटीला सरळ बाहेर आलं, तर बारकीचा बेत. नाहीतर काँक्रीट.

गावाला तेवढंच हवं होतं. गवळी तर दुधाचं माप घालता घालता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! बापानं बांधलं, पोर फोडायला निघालीय.”

मुकादमांची मात्र पंचाईत झाली. बांधाचा अभिमान आणि पोरीचा अभिमान, दोन्ही एकाच छातीत, आणि छाती काही तेवढी रुंद राहिलेली नव्हती. आधी ते चार दिवस बारकीशी बोललेच नाहीत. मग एका सकाळी तिला बांधावर घेऊन गेले आणि एका काळ्या दगडावर बसले. हा दगड त्यांनीच, बांध पुरा झाला तेव्हा, आणून ठेवला होता.

“बांधायचं कोणीही बांधतो,” ते म्हणाले. “शेवटचं तोंड बुजवणं, ते खरं काम. खाडीची मूळ धार तिथूनच धावत असते. ते तोंड मी इथं बुजवलं, या दगडाशी. असं बुजवलं की सांधा कुठं आहे ते आज कोणाला सापडायचं नाही. उघडायचाच हट्ट असेल तर इथं उघड. भलत्या जागी माझा बांध चिरू नकोस.”

“बघते बाबा,” बारकी म्हणाली.

मुकादमांनी ‘बघते’चा अर्थ ‘हो’ असा घेतला. मुलं मोठी झाली की ‘बघते’चा अर्थ काय होतो, हे जगातल्या सगळ्या बापांना माहीत असतं, फक्त स्वतःच्या पोरीच्या वेळी ते विसरतात.

चाचणीच्या आदल्या दिवशी बारकीने पोकलेनवाल्याकडून चर पाडून घेतला. त्या दिवशी मुकादम मुद्दाम घराबाहेर पडले नाहीत. आपल्या बांधाला पहिला घाव बसताना पाहायचं त्यांच्याने होईना. पण जित्याची खोड! पहाट झाली तशी त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि रोजच्यासारखे फेरीला निघाले. दाट धुकं होतं. चर दगडापाशी असणार, तिकडे जायचं नाही, एवढं ठरवून ते बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून चालू लागले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांच्या कानावर आवाज आला. पाण्याचा, आणि बांधाच्या आतून.

मुकादम जागच्या जागी थांबले. दगड तर तिकडे लांब. मग इथे पाणी कुठून? दोन पावलं पुढे गेले आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. बांधाला फूट पडली होती. कडा ढासळलेल्या, पायथ्याशी मातीचा ढीग, आणि भरतीचं शेवटचं पाणी त्यातून खळखळत आत चाललेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा बांध फुटला होता.

कडा एवढ्या सरळ कशा, मातीचा ढीग एवढा नेटका कसा, हे प्रश्न त्यांना पडायला हवे होते. पडले नाहीत. हातांनी डोक्याला विचारलंच नाही. चिकणमातीचा थर, वर गवत, पुन्हा माती, टाचेने तुडवणं, पुन्हा गवत. म्हातारं शरीर, पण पाण्याशी झुंजायची रीत ते विसरलं नव्हतं. पाणी थांबलं तरी मुकादम थांबले नाहीत. फूट बुजली हे खरं, पण ती पडली होती हे कोणाला कळता कामा नये! पायथ्याची हिरवळ मुळांसकट कापून त्यांनी वर बसवली, पाती बोटांनी सारखी केली. धुकं विरलं तेव्हा त्या जागी नुसता बांध होता. मुकादम दोन पावलं मागे सरून पाहत राहिले. इतकं सुंदर काम त्यांनी पुष्कळ वर्षांत केलं नव्हतं, आणि नेमकं तेच कोणाला सांगायची सोय नव्हती.

दुपार कलल्यावर साहेब आले. बांधावर गर्दी जमली होती. गवळी होता, शिंपी होता, बाजारगल्लीतले अर्धे लोक होते. भरती चढू लागली होती. मुकादमही आले आणि आपल्या दगडाकडे पाहून चपापले, कारण तिथे चरही नव्हता आणि माणसंही नव्हती. सगळी गर्दी पहाटेच्या जागी उभी होती.

“चर कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

पोकलेनवाला बांधावरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालत होता. “साहेब, इथंच होता. काल मी स्वतः पाडला.” त्याला घाम फुटला होता. “एखाद्या वेळी मशीन कुठं लावली ते विसरेन, पण अख्खा खड्डा कसा विसरेन?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी गवळ्याकडे पाहिलं. “तुमची तक्रार होती ना या कामाविरुद्ध?”

“माझी?” गवळी गडबडला. “तक्रार होती, साहेब, नाही म्हणत नाही. पण मला गोठ्याचा पत्रा धड बसवता येत नाही. तो अजून गळतोय. मी हे असलं काम करीन?”

“मग कोणी केलं? खात्याच्या कामात हात घालणं म्हणजे काय, कळतं ना? पोलिसांत जाईल हे.”

बारकीने मोजून जागा काढली, गुडघ्यावर बसली आणि हिरवळीवर तळहात ठेवून दाबून पाहिलं. जराही दबली नाही. मग तिने मान वर केली आणि गर्दीतून नेमकं बापाकडे पाहिलं.

मुकादमांच्या पायाखालची वाळू सरकली. ती फूट नव्हती. तो पोरीचा चर होता.

त्या क्षणी ते मूग गिळून बसले असते तरी चालण्यासारखं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. चाचणी फसली असती, काँक्रीट आलं असतं, आणि त्या काँक्रीटच्या पोटात का होईना, मुकादमांचा बांध जन्मभर उभा राहिला असता. बढाईही शाबूत राहिली असती. पण समोर गवळ्याचं तोंड उतरलं होतं, आणि बारकी अजून पाहत होती.

“गवळ्याला सोडा, साहेब,” मुकादम म्हणाले. “मी बुजवला.”

गवळ्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“मला वाटलं,” ते म्हणाले आणि अडखळले. पुढचा शब्द त्यांनी या बांधाबद्दल ‘नाही’ जोडल्याशिवाय कधीच उच्चारला नव्हता. “मला वाटलं, माझा बांध फुटला.”

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी भुवया चढवल्या. “आजच्या दिवशीच वाटलं? मुकादम, काँक्रीट झालं तर बांध वाचतो, हे तुम्हाला माहीत होतं ना?”

बारकी उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी हळू होता. “खरं सांगा बाबा. मुद्दाम केलंत?”

मुकादमांना राग आला. “मुद्दाम केलं असतं तर तुझ्या तोंडावर केलं असतं! दिवसाढवळ्या, फावडं आपटून. मी भांडतो, बारके. चोरी करत नाही. तू चर दगडापाशी पाडणार होतीस. इथं पाणी पाहिलं, आणि हात थांबले नाहीत.”

बारकीने मान डोलावली. पोरीला बाप ठाऊक होता.

“साहेब,” ती वळून म्हणाली, “पाणी अजून त्या पातळीला आलेलं नाही. चर पुन्हा उघडू. चाचणी आजच होईल.”

पोकलेनवाला मशीनकडे धावला. “थांब!” मुकादम ओरडले. “मशीन नको. माझं काम मी उघडतो.”

त्यांनी फावडं मारलं. बांध घातल्यापासून त्यावर पडलेला त्यांचा हा पहिला घाव, आणि तो बोटभरही आत गेला नाही. दुसरा मारला. पहाटेच्या त्या कामगिरीने आता त्यांचाच जीव काढला. माती दगडासारखी बसली होती.

“कोणी बुजवलंय हे मेल्यानं!” ते धापा टाकत म्हणाले.

“ज्यानं बुजवलंय त्याला आज माझ्या घरी जेवण मिळणार नाहीये,” गर्दीतून बायकोचा आवाज आला. आता मात्र साहेबही हसले.

बारकीने पोकलेनवाल्याकडून दुसरं फावडं घेतलं आणि बापाच्या शेजारी उभी राहिली. दोघं खणू लागली. ती एक घाव घालायची, ते एक. घाव हळूहळू एका लयीत पडायला लागले, तशी गर्दी बोलायची थांबली. बाहेर पाणी वर येत होतं. कालच्या चराचा तळ लागला, तरी मुकादम थांबेनात. अंगात भरलेला राग अजून उतरला नव्हता. त्यांनी आणखी खोल एक घाव घातला आणि फावडं कशात तरी अडकलं.

ते वाकले. हाताने चिखल बाजूला केला. आत काटक्यांची जुडी होती. काळी पडलेली, पण कुजलेली नाही. तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. वाहत्या धारेत माती टिकत नाही, म्हणून शेवटचं तोंड बुजवताना आधी अशा जुड्या टाकतात. बाकीच्या बांधात त्या कुठेच नसतात. मुकादमांनी जुडीची दोरी बोटांनी चाचपली. गाठ उलट्या बाजूची होती. अशी गाठ डावखुऱ्या माणसाची असते, आणि त्या कामावर डावखुरा एकच होता, ते स्वतः.

मुकादमांनी मान वर करून लांबवरच्या आपल्या काळ्या दगडाकडे पाहिलं. मग हातातल्या गाठीकडे. मग पुन्हा दगडाकडे.

“बारके,” ते म्हणाले, “ही जागा तू कशावरून धरलीस?”

“आतली जमीन बसलीय ना बाबा, ती सगळीकडे सारखी नाही बसली. एका वळणावर जास्त बसलीय. मी मोजत मोजत आले तर ते वळण बांधाला इथं येऊन भेटलं. खाडीची जुनी धार.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही दगडावर बसला होतात,” बारकी म्हणाली.

“मी सांगत नव्हते?” बायको पुढे आली होती. “आमची शिंपल्यांची वाट त्या दगडाकडून कधीच नव्हती. पण माझं ऐकतो कोण!”

मुकादमांना सगळं आठवलं. तोंड बुजवलं त्या दिवशी ते थकून झोपले होते. दुसऱ्या दिवशी खुणेचा दगड घेऊन आले, तर सांधा सापडेना. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. इथेच असावा, असं म्हणून त्यांनी दगड टेकवला. आठवड्याभरात ‘असावा’चं ‘होता’ झालं, आणि पुढे तीच गोष्ट झाली. स्वतः मारलेला सांधा स्वतःला सापडला नव्हता, एवढा तो बेमालूम होता. आणि तो त्यांच्या पोरीने शोधला होता.

मुकादम हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते चरातच बसून पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “चुकलो!” ते गर्दीकडे बघून ओरडले. “ऐका रे सगळे! मी चुकलो. इतकी वर्षं चुकीच्या दगडावर बसलो! हिने काढला सांधा. माझा सांधा हिने काढला!” स्वतः हरल्याची बातमी एवढ्या थाटात सांगणारा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता.

“बाबा, उठा आता,” बारकी म्हणाली. “पाणी आलं.”

दोघं बाजूला झाली. पाणी चराच्या तोंडाशी आलं, जुड्यांवरून पुढे सरकलं आणि आतल्या गवतात शिरलं. गवळी श्वास रोखून गोठ्याकडे बघत होता. पाणी गोठ्याकडे वळलंच नाही. गवतातलं ते जुनं वळण धरून ते असं चाललं, जशी माहेरवाशीण अंधारातही परसदार शोधते. ओहोटी लागली तसं आल्या वाटेने परत गेलं आणि मागे गाळाचा एक पातळ, चकचकीत थर ठेवून गेलं. साहेब बराच वेळ तो थर पाहत उभे राहिले. मग बारकीला म्हणाले, “काँक्रीटचं राहू द्या. कामाला लागा.”

“बाप से बेटी सवाई,” गवळी पुटपुटला. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं.

पुढे मशीनने चर रुंद झाला, त्याचं मोठं तोंड झालं. गोठ्याभोवतीच्या छोट्या बांधावर कोणाला मुकादम नेमायचं, हे कोणी विचारलंही नाही. आत चिखल आला, चिखलात भोकं दिसू लागली, भोकांतून खेकडे डोकावले. बगळे कोणाच्या निरोपाने आले कोण जाणे. पुढच्या मोठ्या उधाणाला बाजारगल्ली कोरडी राहिली आणि शिंप्याने तागे माळ्यावरून खाली काढले. आणि एका ओहोटीला मुकादमांची बायको जुनी टोपली घेऊन चिखलात उतरली, ती संध्याकाळपर्यंत वर यायला तयार नव्हती. टोपलीत शिंपले मूठभरच होते, पण ती ते शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवून आली.

मुकादमांची सकाळची फेरी अजून चालू आहे, फावडंही खांद्यावर असतं. तोंडाशी एखादा ओंडका, फळी, जाळ्याचा गुंता अडकलेला दिसला की ते आत उतरतात आणि पाण्याची वाट मोकळी करतात. काळा दगड त्यांनी चार माणसं लावून जुन्या जागेवरून उचलला आणि तोंडाच्या काठावर आणून ठेवला. फेरी झाली की तिथे बसतात.

परवा एक परका माणूस त्या वाटेने चालला होता. बांधाला पडलेलं ते मोठं खिंडार आणि त्यातून आत जाणारं पाणी पाहून तो थबकला. “अरेरे,” तो म्हणाला, “बांध फुटला वाटतं, बाबा?”

मुकादम दगडावरून उठून ताठ उभे राहिले.

“माझा बांध कधी फुटला नाही,” ते म्हणाले. “माझ्या पोरीनं उघडला.”